वनस्पतींचे चार प्रकार, त्यातला पहिला वनस्पती?

एथ्नोबॉटनीच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास भेटतं: 'चरकाने वनस्पतींचे चार प्रकार सांगितले आहेत: वनस्पती, वानस्पत्य, ओषधी आणि वीरुध.' तुम्हीही ते कुठून तरी उचललं असेल. आता जरा परत वाचा. अख्ख्या वर्गाचं आणि त्यातल्या एका तुकड्याचं नाव एकच कसं? गाईडने विचारलं नाही, तर व्हायव्हाला कोणीतरी विचारेलच.

हा घोळ चरकाचा नाही, आपला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, द्रव्यांची उगमानुसार विभागणी येते: प्राण्यांपासून मिळणारी, खनिज आणि 'औद्भिद', म्हणजे जमीन फोडून वर येणारी. चार प्रकार आहेत ते या औद्भिदाचे. आपण ज्याला आज वनस्पती म्हणतो, तो हा शब्द. बंगालीने तो जपला. तिथे बॉटनीला आजही उद्भिदविद्या म्हणतात. मराठी आणि हिंदीने वनस्पती उचलला, आणि तुकड्याचं नाव अख्ख्या वर्गाला लागलं.

मग वनस्पती म्हणजे काय? वड, उंबर, पिंपळ यांच्यासारखी झाडं. चरक एवढंच म्हणतो की ती फळांवरून ओळखायची आणि वानस्पत्य फुलं व फळं दोन्हींवरून. 'फूल नसलेली' हे उघड शब्दांत सुश्रुतात आणि अमरकोशात आहे. त्यामुळे 'फुलाविना फळ' ही व्याख्या लिहून खाली फक्त चरकाचा संदर्भ दिलेला दिसला, की मूळ ग्रंथ उघडलेला नाही असं मी धरून चालते.

यावर दुसरी उडीही लगेच मारली जाते: 'प्राचीनांना उंबराची फुलं माहीत नव्हती.' एक उंबर फोडून बघा. आतल्या भिंतीला बारीक फुलांचा थर असतो आणि चिमुकली गांधीलमाशी आत शिरून परागण करते. बाहेरून मात्र फूल दिसतच नाही. वर्गीकरण डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणावर केलेलं आहे आणि त्या पातळीवर ते बिनचूक आहे. मोनियर-विल्यम्सने कोशात 'फुलं न येता' न लिहिता 'फुलं येताना दिसत नाहीत' अशा अर्थाचा शब्द घातला, ही त्याची सावधगिरी. आणि क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतोच की!

व्युत्पत्ती आणखी जुनी गोष्ट सांगते. वनस्-पति, म्हणजे वनाचा स्वामी, घडण बृहस्पतीसारखी. पण ऋग्वेदात 'वन' म्हणजे अरण्य तसंच लाकूडही, आणि यज्ञातल्या खांबालाही वनस्पती म्हणून हाक मारलेली आहे. फूल-फळाचा तिथे संबंध नाही. उच्चारात या शब्दाचे दोन्ही भाग आपापला उदात्त स्वर राखतात, त्यासाठी पाणिनीला वेगळं सूत्र करावं लागलं (६.२.१४०).

मराठीत येता येता तो स्वामी स्त्रीलिंगी झाला, शेवटची वेलांटी दीर्घ झाली (समासात ऱ्हस्वच राहते: वनस्पतिशास्त्र, प्रबंधाच्या मुखपृष्ठावर तरी सांभाळा), आणि १९३७ नंतर डालडाच्या डब्यातून तूप होऊन स्वयंपाकघरातही पोचला.

पण तुमच्या कामाला खरा धोका आहे तो बोलीतल्या अर्थाचा. 'कुठलीशी वनस्पती उगाळून लावली' असं आपण म्हणतो, तेव्हा वनस्पती म्हणजे औषधी पाला किंवा मुळी. ज्वारीला कोणी वनस्पती म्हणत नाही, ते पीक. हराळीलाही नाही, ते तण. आता प्रश्नावलीत 'तुमच्या भागात कोणत्या वनस्पती आढळतात?' असं छापून गावात गेलात, तर आजीबाई अडुळसा, गुळवेल, निरगुडी सांगतील आणि थांबतील. त्या आकड्यांवरून 'गावातील बहुतांश ज्ञात वनस्पती औषधी आहेत' असा निष्कर्ष काढाल, तर तो गावाबद्दल नसून तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दाबद्दल असेल. शिवाय तो टक्केवारीत मांडलेला असल्यामुळे कोणाला शंकाही येणार नाही.

झाडं, झुडपं, वेल, गवत, पिकं, तण असं एकेक वेगळं विचारा. वेळ जास्त लागतो, यादी लांबते, आणि हराळीबद्दल विचारल्यावर लोक आधी हसतात.