शैक्षणिक आज्ञावलीची निवड : एक भाषाशास्त्रीय कसोटी

मराठी वाचन-लेखन शिकविणारी आज्ञावली, जिला व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात, वर्गासाठी निवडताना चित्रांची आकर्षकता, हाताळण्यातील सुलभता व किंमत या गोष्टी सामान्यतः पाहिल्या जातात. त्या उपेक्षणीय नाहीत. परंतु त्यांवरून साधनाची बाह्य योग्यताच तेवढी कळते. वर्गात आलेली आज्ञावली एक अधिकार गाजवीत असते : मुलाचे उत्तर बरोबर की चूक, हे ती ठरविते. हा निवाडा भाषेच्या कोणत्या ज्ञानावर आधारलेला आहे, हाच निवडीचा मुख्य प्रश्न होय.

निर्मात्यांच्या प्रशस्तीवर येथे विसंबता येत नाही. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३२ शाळा व ४३९ शिक्षक समाविष्ट होते. वाचन व गणिताच्या निवडक आज्ञावली वापरणाऱ्या वर्गांचे गुण इतर वर्गांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक आढळले नाहीत. यावरून अशी सर्वच साधने निरुपयोगी ठरत नाहीत. मात्र प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा आवश्यक ठरते.

मराठीपुरती ही परीक्षा कशी करावी, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. यांतील दुसऱ्या शब्दातला अर्धा र युनिकोड पद्धतीत दोन प्रकारे साठविता येतो : खाली टिंब असलेला ‘ऱ’ व हलन्तचिन्ह यांच्या योगाने, किंवा साधा ‘र’, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या योगाने. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. आज्ञावलीच्या कर्त्याने त्यांपैकी एकच रूप ग्राह्य मानले असेल, तर मुलाने अचूक लिहिलेला शब्दही चूक ठरेल. आपला शब्द आणि यंत्राने दाखविलेला ‘शुद्ध’ शब्द यांत काडीचाही फरक त्या मुलाला दिसणार नाही. अशा वेळी ते शुद्धलेखन शिकत नाही. आपल्याला लिहिता येत नाही, एवढेच शिकते.

उच्चाराच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील ‘ज’ चे उच्चार भिन्न आहेत. अक्षर मात्र एकच. अक्षरागणिक एकच ध्वनी जोडणारी आज्ञावली या भेदाला पारखी राहते. याहून गंभीर प्रश्न बोलीचा आहे. घरी ‘पानी’ म्हणणारे वऱ्हाडातील मूल पुस्तकातील ‘पाणी’ हा शब्द ओळखून आपल्या वळणाने उच्चारते, तेव्हा त्याचे वाचन बिनचूक असते. शिक्षकाला वाचनदोष आणि बोलीभेद यांतील अंतर समजू शकते. वाचन ऐकून तपासणाऱ्या यंत्राला ते मुद्दाम शिकवावे लागते.

मोठ्या पटसंख्येच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येक मुलाकडे लक्ष पुरविता येत नाही व न थकता सराव घेणारे साधन तेथे उपकारक ठरते, हा युक्तिवाद मान्यच केला पाहिजे. परंतु न थकणारे साधन आपली चूकही न थकता गिरवून घेते.

म्हणून निवड करणाऱ्या शिक्षकाने आज्ञावलीला केवळ अपेक्षित उत्तरे देऊन भागणार नाही. ‘दऱ्या’ दोन्ही प्रकारे लिहून पाहावा. बोलीच्या वळणाने उतारा वाचून पाहावा. एखादी खरी चूक करून, ती नेमकी कोठे झाली हे यंत्र सांगते की नुसती फुली मारते, हेही पाहावे. शेवटी, यंत्राचा चुकीचा निवाडा बदलण्याची व शब्दसूचीत भर घालण्याची मुभा शिक्षकाला आहे की नाही, हे तपासावे. जेथे ही मुभा नाही, तेथे अन्य गुण कितीही असले तरी ती आज्ञावली वर्गासाठी ग्राह्य मानू नये.