शीटवरचा आकडा कुठून येतो

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत पहिल्याच पातळीच्या रोगला, म्हणजे चोरपावलांनी वावरणाऱ्या पात्राला, लपण्याच्या कौशल्यात +७ मिळू शकतात. चपळाई १६ असेल तर तिचे ३, प्रावीण्याचे २, आणि हे कौशल्य त्याने खास म्हणून निवडलं असेल तर त्या दोनांचे चार. हिशेब एवढाच. तरीही अ‍ॅपवर पात्र बनवून आलेल्या खेळाडूला ‘हे सात कसे झाले?’ असं विचारलं, की तो बहुधा फोन पुढे करतो. आकडा बिनचूक असतो, पण तो आपल्याच निवडींतून आलाय हे त्याच्या गावी नसतं. टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांमधल्या पात्रनिर्मितीचं आजचं चित्र मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं, आणि ते काळजी वाटावी असं आहे.

या खेळांत एक जण जग उभं करतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र होऊन त्यात वावरतात, आणि पुढे काय होईल हे जिथे सांगता येत नाही तिथे फासे निकाल देतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४च्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पात्राला सहा गुण होते आणि प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे होते. मग वर्ग निवडायचा, हातातली सोन्याची नाणी फाशांनीच ठरवायची, त्यांतून दोर, मशाली, ढाल घ्यायची आणि निघायचं. सगळं पात्र एका कागदावर मावायचं. हिशेबाला मदतनीस लागावा असं त्यात काही नव्हतं.

पात्र घडवणं हाच खेळ कसा होऊ शकतो हे मात्र १९७७मध्ये मार्क मिलरच्या ट्रॅव्हलरने दाखवलं. तिथे पात्र अठराव्या वर्षी नौदलात, भूदलात, टेहळणी पथकात किंवा व्यापारी जहाजांवर भरती होतं आणि चार-चार वर्षांच्या मुदतींनी नोकरी करतं. प्रत्येक मुदतीत नवी कौशल्यं मिळतात, पण प्रत्येक मुदतीत जगण्यासाठी फासेही टाकावे लागतात. मूळ नियमांत ते चुकले तर पात्र तिथेच मरायचं. खेळ सुरू होण्याआधीच कोरा कागद घ्यावा लागायचा. तगून राहिलात तर चौतिशीपासून वय शरीरावर वसुली सुरू करायचं. म्हणून प्रत्येक मुदतीअखेर प्रश्न उभा राहायचा: निवृत्त व्हायचं, की आणखी चार वर्षं काढायची? आज ट्रॅव्हलरसाठी एका क्लिकमध्ये पात्र देणारे जनरेटर आहेत. बेचाळीस वर्षांचा निवृत्त अधिकारी, त्याची कौशल्यं, पेन्शन, सगळं क्षणात समोर येतं आणि सगळं नियमाला धरून असतं. पण तिसऱ्या मुदतीत तो थोडक्यात वाचला तेव्हा त्याच्या खेळाडूने श्वास रोखलेला नसतो. पाचव्यांदा भरती होण्याचा मोह त्याने आवरलेला किंवा पत्करलेला नसतो. त्या पात्राचं आयुष्य खेळाडूला फक्त वाचायला मिळतं.

सगळीच यंत्रं असं नुकसान करत नाहीत. मोर्क बोर्ग या स्वीडिश खेळात पात्रं तक्त्यांवर फासे टाकून निघतात, भणंग असतात आणि लवकर मरतात. त्याच्यासाठी बनलेला स्कमबर्थर बटण दाबताच नवा दुर्दैवी जीव समोर टाकतो, आणि ते त्या खेळाच्या स्वभावाला शोभतं. तिथे निवडी मुळात नाहीतच, तर यंत्र हिरावून काय घेणार?

गुंता वाढला तो डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे डीअँडडीच्या, २०००च्या तिसऱ्या आवृत्तीपासून. कौशल्यगुणांची वाटणी, फीट म्हणजे खास क्षमता, एकमेकांत मिसळणारे वर्ग असा हिशेबाचा डोंगर उभा राहिला. त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या प्रतींबरोबर पात्र बनवून देणाऱ्या सॉफ्टवेअरची नमुना सीडी यायची. त्याच सुमाराला हौशी प्रोग्रामरांनी पीसीजेन हा मुक्त प्रकल्प सुरू केला. त्याचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत होते. कुणालाही उघडून वाचता यायचे, दुरुस्त करता यायचे. त्या प्रोग्रामचं रूप बोजड होतं, पण त्याची वृत्ती मला आजच्या चकचकीत अ‍ॅपपेक्षा निरोगी वाटते.

खरा धडा चौथ्या आवृत्तीचा आहे. ती २००८मध्ये आली आणि डीअँडडी इनसायडर या वर्गणीबरोबर तिचा कॅरेक्टर बिल्डर आला. बिल्डर उत्तम होता, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. प्रत्येक नवं पुस्तक, ड्रॅगन मासिकातला प्रत्येक नवा पर्याय त्यात भरला जायचा. छापील मजकुरात मागाहून झालेल्या दुरुस्त्या आपोआप लागू व्हायच्या. प्रत्येक शक्तीचं कार्ड छापून मिळायचं. परिणाम असा झाला, की फीटची आणि शक्तींची संख्या हजारोंत गेली, बारीकसारीक अधिक-उण्यांचे थर चढत गेले, आणि ते सगळं माणसाने हाताने सांभाळायचं आहे याची आठवण नियम लिहिणाऱ्यांना राहिली नसावी असं ती पुस्तकं वाचताना वाटतं. खेळाडूच्या हातातलं पुस्तक आणि त्याच्या शीटवरची शक्ती यांत फरक पडू लागला, आणि वाद झाला तर शीटचं खरं मानलं जाऊ लागलं. मग नोव्हेंबर २०१०मध्ये संगणकावर उतरवून घेता येणारा बिल्डर मागे पडला. त्याच्या जागी मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटवर चालणारा, फक्त इंटरनेटवरचा बिल्डर आला. सिल्व्हरलाइट तंत्रच पुढे कालबाह्य झालं, आणि १ जानेवारी २०२० रोजी ती सेवा बंद झाली. पुस्तकं कपाटात शाबूत आहेत. त्यांतून विसाव्या पातळीचं पात्र हाताने उभं करून पाहा, म्हणजे खेळाचा किती भाग त्या सर्व्हरबरोबर गेला ते कळेल.

पाचवी आवृत्ती त्या मानाने सुटसुटीत आहे. म्हणूनच तिच्याबाबतीत हे अवलंबन जास्त खटकतं. इथे यंत्राची गरज नाही, सवय आहे. डीअँडडी बियाँड हे पात्रं बनवण्याचं संकेतस्थळ २०१७मध्ये कर्स या कंपनीने सुरू केलं, पुढे ते फॅनडमकडे गेलं, आणि २०२२मध्ये हॅस्ब्रोने ते १४ कोटी ६३ लाख डॉलरना विकत घेतलं. खेळाची मालकी असलेल्या कंपनीला पात्रं साठवणाऱ्या जागेसाठी एवढी किंमत मोजावीशी वाटली, यातच सगळं आलं. जानेवारी २०२३मध्ये खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या मुक्त परवान्याच्या अटी बदलण्याचा घाट घातला गेला, तेव्हा खेळाडूंनी निषेध म्हणून आपल्या बियाँडच्या वर्गण्या रद्द केल्या. महिना संपण्याआधी कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. ऑगस्ट २०२४मध्ये पुन्हा तोच ताण. नव्या प्लेयर्स हँडबुकबरोबर जुन्या पात्रांच्या शीटवरचे मंत्र आणि जादुई वस्तू नव्या रूपात बदलल्या जातील, असं जाहीर झालं. ज्यांना जुनं हवं त्यांनी ते स्वतः टंकून ठेवायचं होतं. ओरड झाल्यावर काही दिवसांत तोही निर्णय फिरला. दोन्ही वेळा खेळाडू जिंकले, हे खरं. पण चालू मोहिमेच्या मध्यावर, टेबलाशी कुणी काही न बोलता, आपल्या पात्राचा मंत्र बदलू शकतो ही शक्यताच छापील पुस्तकाच्या काळात नव्हती.

या अ‍ॅपनी किती जणांना दार उघडलं हे विसरणं अन्याय ठरेल. ज्याला आकडेमोड जड जाते, ज्याला बारीक छापील चौकटी दिसत नाहीत, त्याला हिशेब करून देणारं आणि अक्षर मोठं करता येणारं शीट म्हणजे सोय नव्हे, प्रवेश आहे. आपल्याकडे ही पुस्तकं आयात होऊन येतात आणि महाग पडतात. तिथे फुकटचे मूळ नियम आणि फोनवरचा बिल्डर यांवरच एखादा गट उभा राहू शकतो. पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत तर जवळपास प्रत्येक पातळीवर कुठली ना कुठली फीट निवडायची असते. पाथबिल्डर हा तिच्यासाठीचा बिल्डर त्यांतल्या अपात्र फीट बाजूला काढतो आणि नवख्याचा संध्याकाळभराचा वेळ वाचवतो. कधीच खेळली न जाणारी पात्रं नुसती रचत बसण्यातही निखळ आनंद आहे, आणि तो या साधनांनी वाढवला.

माझी तक्रार यादीबद्दल आहे. यादीतून निवडणारा खेळाडू यादीत नसलेलं मागायला विसरतो. ‘माझी जादूगार मंत्र पुस्तकात न लिहिता गोधडीच्या टाक्यांत टिपून ठेवते’ असं म्हणायला नियमांची काहीच आडकाठी नसते, पण बिल्डरमध्ये त्यासाठी चौकट नसते. मग ते टिपणांच्या कोपऱ्यात जातं आणि तिथेच राहतं. दुसरं म्हणजे पात्रं आता घरी, एकेकट्याने, स्क्रीनसमोर तयार होतात आणि टेबलावर परकी म्हणून भेटतात.

याला सगळ्यात चांगलं उत्तर कागदानेच दिलंय. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१०च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये प्रत्येक पात्रप्रकाराची घडीची पत्रिका असते, प्लेबुक. नाव, रूप, गुणांचे संच, खास चाली, सगळं तिच्यावरच छापलेलं; खुणा करत जायचं. आणि शेवटी टेबलाभोवती फेरी मारून दुसऱ्यांच्या पात्रांशी आपला पूर्वीचा संबंध काय ते ठरवायचं. तो भाग एकट्याने करताच येत नाही. जॉन हार्परच्या ब्लेड्स इन द डार्कने हेच पुढे नेऊन संपूर्ण टोळीचंही एक शीट दिलं. इथे पर्यायांची यादी आहेच, पण ती एका दृष्टिक्षेपात मावते, तिच्या समासात पेन्सिलने लिहिता येतं, आणि प्रत्येक आकडा आपल्या हातून आलेला असतो.

डिजिटल साधनांना हे अशक्य नाही. बियाँडवर चिलखताच्या आकड्यावर बोट ठेवलं तर त्याची फोड बाजूला उघडते. म्हणजे उत्तर यंत्राकडे आहे, फक्त विचारल्याशिवाय ते देत नाही. ती फोड नव्या खेळाडूला न विचारता दाखवावी. पहिली पातळी चढताना ‘प्रावीण्य दुप्पट, म्हणून चार’ हे त्याच्याकडून भरून घ्यावं आणि मग पुढची बेरीज स्वतः करावी. पात्राची फाईल साध्या मजकुरात, कारणांसकट, खेळाडूच्या हाती द्यावी, म्हणजे सेवा बंद पडली तरी पाचव्या पातळीची रोग लपण्यात +१० का आहे हे तिच्या खेळाडूला कागदावर मांडता येईल: चपळाई १८ची ४, प्रावीण्य ३, दुप्पट ६.