गोष्ट मॅनेजरची, आयुष्य खेळाडूचं

'फुटबॉल मॅनेजर' हा व्हिडिओ गेम आपल्याला गोष्ट सांगत नाही. तरीही तो खेळलेल्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखी एक गोष्ट असतेच. ती येते कुठून, हे आज बघू या.

पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडमधल्या भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ साली आला. 'फुटबॉल मॅनेजर' हे नाव नंतरचं. सुरुवातीला त्यात सामना दिसायचाच नाही. पडद्यावर एकेक ओळ उमटायची: अमक्याने पास दिला, तमक्याने चेंडू मारला... आणि मग क्षणभर काहीच नाही. रेडिओवर कॉमेंट्री ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. न दिसलेला गोल आपणच मनात बघतो.

दुसरी गोष्ट काळाची. खरे खेळाडू निवृत्त होत जातात, तसतसे संगणक नवे घडवतो. नाव, वय, देश, आणि वेग, पासिंग, जिद्द अशा गुणांना १ ते २० पर्यंतचे आकडे. पंधरा-सोळा वर्षांच्या अशा पोराला आपण संघात घेतो, दुखापतीतून सावरू देतो, कितीतरी मोसमांनंतर निरोप देतो. तो जगात कुठेच नाही, फक्त आपण सेव्ह केलेल्या फाइलमध्ये आहे. म्हणून तो आपला वाटतो.

पण ही गोष्ट नेमकी कोणाची? तो पोरगा तक्रार करतो, पण ती बहुतेक वेळा आपल्या निर्णयांबद्दल: खेळवलं नाही, करार वाढवला नाही. त्याची जिद्द १८ आहे हे कळतं. कशापायी आहे, ते नाही. त्याचा भाव वाढला की आपण खूश होतो आणि त्यालाच माया समजतो.

टॉनटॉन झोला मुकोको हे नाव घ्या. २००१-०२ च्या आवृत्तीत तो डर्बी काउंटीचा होतकरू पोरगा होता आणि बघता बघता मोठा खेळाडू व्हायचा. प्रत्यक्षात डर्बीच्या मुख्य संघाकडून तो एकदाही खेळला नाही. आजही त्याचं नाव निघतं ते त्या पडद्यावरच्या कारकिर्दीमुळे. खरा मुकोको नंतर काय करत होता, हे क्वचितच कोणी विचारतं.

मोकळ्या जागा सोडणं हे या खेळाचं बळ आहे, हे आपण मान्य करू. पण त्या जागा तो मॅनेजरच्या खुर्चीवरूनच भरायला लावतो. मैदानावरच्या माणसाकडून बघायची सोय त्यात जवळपास नाही, आणि टीका करायची तर ती इथे करायला हवी.