२२ टक्क्यांच्या मागचे ४ ग्रॅम

२००१ साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलचा एक छोटा पण चांगला पेपर आला. विषय : अपुऱ्या दिवसांच्या बाळांना स्पर्शाचं उद्दीपन. १००० ते २००० ग्रॅम वजनाची, तब्येत स्थिर असलेली ४८ बाळं. काहींना हळुवार मालिश आणि हातापायांचा व्यायाम, बाकीच्यांना नेहमीची काळजी. मालिश झालेल्या बाळांचं वजन सुमारे २२ टक्के जास्त वाढलं.

टक्का वाचून थांबू नका, एकक बघा. हा फरक दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास आहे. एवढ्याशा बाळासाठी तोही मोलाचा. पण वजन वाढलं की विकास झाला, असं होत नाही. पेपरमध्ये वर्तनाची चाचणीही आहे, ही जमेची बाजू. मात्र मूल दोन वर्षांचं झाल्यावर काय, हे त्यातून कळत नाही. २००४ च्या कोक्रेन आढाव्यानेही विकासाबाबतचा पुरावा कमकुवत ठरवला.

आता हाच अभ्यास बीडमध्ये करायचाय, असं धरा. दिवाळीच्या आसपास ऊसतोड कुटुंबं टोळीबरोबर निघतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. फॉलोअपला कोण येईल? जी गावात राहिली ती. ज्या आईला कोयत्यावर जावं लागलं, नेमकं तिचंच बाळ तुमच्या तक्त्यातून गळेल आणि निकाल आहे त्यापेक्षा छान दिसेल.

म्हणून प्रपोजलमध्ये आधी हे लिहा : बाळ कारखान्यावर गेलं, तर तिथे त्याला कोण तपासणार?