पाठ-परीक्षण : सी प्रोग्रॅमचा पहिला पाठ

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील ‘फर्स्ट सी प्रोग्रॅम’ हा पाठ जरूर पाहा. तो उबुंटूच्या टर्मिनलवर शिकवतो. ‘टॉक.सी’ ही फाइल लिहायची, ‘जीसीसी टॉक.सी -ओ मायआउटपुट’ अशी आज्ञा देऊन ती कंपाइल करायची आणि ‘./मायआउटपुट’ देऊन चालवायची. आज्ञा अर्थातच लहान रोमन अक्षरांत टाइप करा. लिहिणे, कंपाइल करणे आणि चालवणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे इथे स्पष्ट दिसते. ‘रन’चे एकच बटण दाबणाऱ्याला ते कळत नाही.

शेवटचा महिरपी कंस मुद्दाम गाळून पाठ एररही दाखवतो. हे त्याचे बळ.

उणीव अशी, की कंपायलर ज्या चुका सांगतो त्याच इथे कळतात. ‘इफ’च्या कंसात ‘हजर == 1’ ऐवजी ‘हजर = 1’ लिहून पाहा. एरर येत नाही, पण गैरहजर विद्यार्थीही हजर ठरतो. कारण एकेरी चिन्ह तुलना करत नाही, 1 ही किंमत साठवते. आणि शून्य नसलेली किंमत सी खरी मानते. आज्ञेत ‘-वॉल’ (डॅश, मोठा डब्ल्यू, मग लहान ए, एल, एल) जोडा, की कंपायलर त्याच ओळीवर इशारा देतो.

वर्गात अशी चूक शिक्षक पकडतात. डमडमला खोलीवर बसून मराठीतून एकट्याने शिकणाऱ्याजवळ फक्त कंपायलर असतो. त्याला बोलते करणारा हा पर्याय पहिल्याच पाठात हवा होता. तुम्ही तो पहिल्या दिवसापासून वापरा.