जर्मन हुकूम व हिंदी शिपाई : दोन ग्रंथांविषयीं

इ. स. १९४२ मध्यें महात्माजींनीं आमच्या वर्ध्यास, नागरी व उर्दू या दोन्ही लिप्या मान्य करणारी हिंदुस्थानी प्रचार सभा स्थापिली. त्याच सुमारास जर्मनींत सुभाषबाबूंच्या आझाद हिंद पलटणींत शीख, जाट, मराठे, गढवाली एकत्र मिसळले जाऊन हिंदुस्थानी हीच त्यांची समाईक भाषा ठरली होती. पहिल्या घटनेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. दुसरीसंबंधींचे दोन ग्रंथ आम्हीं नुकतेच लागोपाठ वाचले : एन. जी. गणपुले यांचा ‘नेताजी इन जर्मनी’ (१९५९), व रुडॉल्फ हार्टोग यांचा १९९१ सालचा मूळ जर्मन ग्रंथ, ज्याचें इंग्रजी भाषांतर २००१ सालीं ‘द साइन ऑफ द टायगर’ या नांवानें निघालें.

ग्रंथकारांचा अधिकार निर्विवाद आहे. गणपुले बर्लिनच्या आझाद हिंद केंद्रांतले, तर हार्टोग पलटणींतील दुभाषी. परंतु दोघेहि भाषा येणारे. आफ्रिकेंत कैद झालेल्या ज्या शिपायास परक्या अंमलदाराच्या तोंडचा हुकूम समजून घ्यावयाचा होता, त्याच्या हातची साक्ष ती वेगळी. ती दोघांपैकीं कोणासच देतां येण्यासारखी नव्हती.

एक उदाहरण घेऊं. ‘सावधान’ या अर्थीं जर्मन हुकूम आहे ‘श्टिलगेश्टांडन’. हें आज्ञार्थाचें रूप नव्हे. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर तें क्तान्त, भूतकालवाचक धातुसाधित होय. हुकूम सुटण्यापूर्वींच तो पाळला गेला, असें जणूं भाषाच गृहीत धरिते! उलट ‘विश्राम’साठीं ‘र्‍यूर्ट ऑइश’ हा मात्र शुद्ध आज्ञार्थ, तोहि बहुवचनी व आत्मवाचक. तीस वर्षें मुलांकडून लोट्‌लकार घोकून घेतलेल्या आम्हांस यांत मौज वाटते. पण शिपायास व्याकरण कोण सांगतो? त्यानें तो ध्वनि कानांनीं घेतला आणि पायांनीं पाठ केला.

लिपीचा प्रश्न याहून नाजूक आहे. इंग्रजी फौजेंत रोमन लिपींतील उर्दू शिकवीत, त्यामुळें तीं अक्षरें पुष्कळांस परिचित असणार. हरिपुऱ्यास १९३८ सालीं सुभाषबाबूंनीं हिंदुस्थानीसाठीं रोमन लिपीचाच पुरस्कार केला होता. शिपायानें जर्मन शब्द वहींत नागरींत उतरला, गुरुमुखींत कीं रोमनांत, यावरून त्यास कोणीं शिकविलें आणि तो वाचून शिकला कीं नुसतें ऐकून, हें कळूं शकेल.

ही केवळ पंडिती हौस नव्हे. १९४२ च्या शपथेंत हिटलर व सुभाषबाबू हीं दोन्ही नांवें होतीं, आणि १९४४ सालीं पलटण वाफेन एसएसकडे वर्ग झाली. त्या शब्दांचा अर्थ शिपायापर्यंत किती पोंचला, यावर त्याच्या जबाबदारीचें माप अवलंबून आहे. तें माप दुभाष्याच्या व मुत्सद्द्याच्या लेखणीनें ठरविणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

आणि यांत आम्हां संग्राहकांचा दोष थोडा नाहीं. मोडी रुमाल दिसला कीं आमचा हात पुढें होतो. पेन्सिलीनें लिहिलेली फौजी वही कोणी उघडीत नाहीं. आर्वीकडील एका घरीं दप्तर तपासतांना फौजी पत्रांचा एक गठ्ठा आम्हींच बाजूस सारिला होता. वर्षानें पुन्हां गेलों, तों तो रद्दींत गेला होता. पत्रें कोणत्या रणांगणावरचीं, कोणत्या लिपींतलीं, एवढेंहि आम्हीं पाहिलें नव्हतें.