गार्बेज कलेक्शनची सेटिंग्ज : तयार सूत्रांची चिकित्सा

प्रस्तावना

वापरात नसलेली मेमरी आपोआप परत मिळविण्याची पद्धत जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेसंबंधीच्या शोधनिबंधात मांडली. पुढे जावाच्या रनटाइममुळे ती सर्वत्र रूढ झाली. मात्र तिची सेटिंग्ज ठरविताना मोजमापाऐवजी तयार सूत्रांवर विसंबण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत लेखात या प्रवृत्तीची चिकित्सा केली आहे.

विवेचन

‘हीप वाढविला की गती वाढते’ हे पहिले सूत्र अर्धसत्य आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयीन ग्रंथालयाने ८ जीबी मेमरीच्या संगणकावर जावावर आधारित डीस्पेस ही प्रणाली बसविली, असे समजू. कमाल हीप ठरवून न दिल्यास जावाचा रनटाइम साधारणपणे एकूण मेमरीचा चौथा हिस्सा, म्हणजे २ जीबी, ही मर्यादा धरतो. ती ६ जीबी केल्यास त्याच संगणकावरील सोलर ही शोधयंत्रणा आणि पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस यांना मेमरी अपुरी पडू शकते. मग मेमरीतील माहिती डिस्कवर हलविली जाते. हीप तपासताना ती परत आणावी लागते आणि विराम उलट लांबतो.

दुसरे सूत्र विराम कमी करण्याचे. जी-वन कलेक्टरमध्ये विरामाचे मूळ उद्दिष्ट २०० मिलिसेकंदांचे असते. ती हमी नव्हे. ते फार खाली आणल्यास नव्या वस्तूंसाठीची जागा आक्रसते, संकलन वारंवार होते आणि एकूण काम मंदावते.

शिवाय सूत्रे कालबाह्यही होतात. २०१७ मध्ये जावा ९ पासून जी-वन हा सर्व्हर दर्जाच्या यंत्रांवर मूळ कलेक्टर झाला. सीएमएस कलेक्टर २०२० मध्ये जावा १४ मधून काढून टाकण्यात आला. त्यासाठी लिहिलेली सेटिंग्ज आज निरर्थक आहेत. माती परीक्षणाशिवाय शेजाऱ्याच्या शेतातील खताची मात्रा आपल्या कपाशीला देण्यासारखाच हा प्रकार होय.

निष्कर्ष

सेटिंग्ज बदलू नयेत, असा याचा अर्थ नाही. प्रथम संकलनाची नोंदवही वाचावी. पूर्ण संकलनानंतरही शिल्लक मेमरीचा वापर सतत चढत असेल, तर दोष बहुधा प्रोग्राममध्ये असतो. हीप वाढविल्याने तो केवळ पुढे ढकलला जातो. वापर स्थिर असेल, तरच एका वेळी एक सेटिंग बदलून परिणाम मोजावा. परीक्षेच्या तोंडावर प्रश्नपत्रिकांचा संग्रह उघडला नाही, तर त्याची किंमत विद्यार्थी मोजतो. म्हणून प्रयोगशाळेत सेटिंग्जची यादी पाठ करून घेण्यापेक्षा नोंदवही वाचावयास शिकविणे अधिक आवश्यक आहे.